सोमवारचा ठेका

दादा, पाटीवरचं तुझं अक्षर मी अजून पुसलेलं नाही. गल्ल्यामागची काळी पाटी, जिथे रोज सकाळी मी सुरमई, बांगडा, तिसऱ्या असं खरडतो, तिथे तुझ्या वळणदार कारकुनी अक्षरात वर 'आज' आणि खाली तीन ओळी: वॉल्ट्झ, पाळणा, रात्रीचं गाणं. या गोष्टीला अडीच महिने झाले. तेव्हापासून गिऱ्हाइकांना मी मासे तोंडी सांगतो. परवा समोरच्या टॉवरमधल्या ऑफिसातला एक नवा मुलगा पाटी वाचून म्हणाला, "काका, हे रात्रीचं गाणं व्हेज आहे का?" मी म्हटलं, "व्हेजच आहे, पण आज संपलं." त्याने मुकाट्याने बांगडा थाळी घेतली. तू असतास तर हे आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसला असतास, आणि दर वेळी त्यात थोडं मीठमसाला वाढवला असतास.

आज सोमवार, म्हणजे हॉटेल बंद. शटर अर्धं वर केलंय आणि चार नंबरच्या टेबलावर, तुझ्या जागेवर बसलोय. तुला जाऊन एकोणीस दिवस झाले. तेरावं झालं, गावचे पाहुणे परत गेले, तुझ्या भावजयीने, सुलभाने, तुझी औषधांची पिशवी कपाटात वर ठेवून दिली. टाकवत नाही म्हणते. आणि मला गेले दोन महिने एकच प्रश्न छळतोय. त्या सोमवारी संध्याकाळी मी तुझं वाजवणं सावरलं की नासवलं? तू होतास तोवर विचारायचं धाडस झालं नाही. आज दुपारी उत्तर मिळालं, तेही तुझ्याकडूनच. पण ओळीने सांगतो. नाहीतर तू म्हणशील, बाळ्या, तुझं नेहमी मागचं पुढे.

तुला माहीत असलेलंच सांगतोय, पण मला एकदा मोठ्याने म्हणून बघायचंय. आईची खानावळ होती. गिरणीतली, कुटुंब गावाला ठेवून आलेली माणसं तिच्याकडे जेवायची. बाबा गिरणीत साच्यावर कापड विणायचे. गिरण्या बंद पडल्या तेव्हा बाबांनी चाळीखालचा हा गाळा धरला, खानावळीचं हॉटेल केलं आणि थोरल्याने गल्ल्यावर बसावं असं ठरवून टाकलं. थोरल्याने तोवर गोदीत कारकुनी आणि गिरगावातल्या एका गोवेकर मास्टरांकडे व्हायोलिन अशा दोन नोकऱ्या धरल्या होत्या. तू सरळ नाही म्हणालास. मग गल्ल्यावर मी बसलो, तेविसाव्या वर्षी. त्याआधी मी भजनी मंडळात पखवाज वाजवायचो, बुवांबरोबर डबलबारीच्या भजनी सामन्यांना रात्र रात्र बाहेर असायचो. ते सुटलं, म्हणजे सणासुदीपुरतं उरलं. तू वाजवलंस आणि मी लोकांची ताटं वाढली, हे मी तुला रागाच्या भरात कितीदा ऐकवलं असेल. तू दर वेळी म्हणायचास, "खरं आहे." तुझ्या त्या 'खरं आहे'ने माझा राग अजून वाढायचा. भांडणाऱ्याला निदान भांडण तरी मिळावं.

आणि रे रोडची लाकडाची वखार. ती गोष्ट आपण दोघांनी पन्नास वर्षं तोंडातून काढली नाही. चाळीत तुझा रियाज कोणाला सोसवेना. समोरच्या मावशी म्हणायच्या, मांजराला दूध घाला कोणीतरी. म्हणून रविवारी तू वखारीत जायचास, गोदीतल्या ओळखीवर. एकदा मलाही घेऊन गेलास, पखवाजासकट. मी सतरा वर्षांचा, तू बावीसचा. सागाच्या फळ्यांच्या थप्पीवर बसून मी पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावली आणि तुला म्हटलं, सुरू कर. तू सुरू केलंस. चार आवर्तनं बरी गेली, मग तू एक सूर धरून बसलास. सोडायलाच तयार नाहीस. मी समेवर येऊन थाप मारली, तू तिथे नव्हतास. तू आलास तेव्हा मी पुढे गेलो होतो.

"बाळ्या, जरा माझ्यावांगडा ये, माझ्या सुराबरोबर," तू म्हणालास.

"मी कित्याक येव? ताल माझ्याकडे आसा. तूच ये."

"तालाच्या मागे गाणं नाही जात रे. गाण्याच्या मागे ताल जातो."

"तुका काय कळता?" असं म्हणून मी ती कणीक उपटून भुशात फेकली आणि पखवाज उचलून चालू लागलो. त्यानंतर आपण दोघांनी एकत्र कधी वाजवलं नाही. तुझ्या लग्नात वाजवलं नाही, आईच्या पंच्याहत्तरीला नाही. तू अँटॉप हिलच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेलास, तिथे वाजवायचास. निरनिराळ्या वाद्यवृंदांत मागच्या रांगेत बसून वाजवायचास. मला दर वेळी निमंत्रण यायचं. मी दर वेळी म्हणायचो, हॉटेल कोण बघणार. एकदाही आलो नाही. आज हे सांगताना लाज वाटते, पण आहे ते आहे.

वाद मात्र आपण सोडला नाही. वहिनी गेल्यावर तू परत आपल्या वरच्या खोलीत राहायला आलास आणि रोज चार नंबरवर बसून पेज पीत माझ्याशी तोच वाद घालायला लागलास. मी म्हणायचो, तुमच्या त्या विलायती संगीताला सम नाही. तू म्हणायचास, सम आहे, फक्त ती केव्हा येणार ते आधी सांगत नाहीत. मी म्हणायचो, मग वाजवणाऱ्याने काय ज्योतिषी ठेवायचा? गिऱ्हाइकं जेवण सोडून ऐकत बसायची. दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या युरोपातल्या माणसांबद्दल तू असा बोलायचास, जणू ती आपल्याच चाळीत राहून गेली. त्यांना रोमँटिक म्हणतात हेही तूच सांगितलंस. "प्रेमबिम नाही रे नुसतं," तू म्हणालास, "मनात जे उसळतं ते नियमात बसवायला त्यांनी नकार दिला, म्हणून." मी म्हटलं, नकार द्यायला तुला कोणी शिकवायला नको.

मग तुझा आजार निघाला. हॉस्पिटल पाच मिनिटांवर, त्यामुळे तू चालत जायचास आणि चालत यायचास, जसा काही बाजारात गेला होतास. औषधांनी तुझ्या बोटांची टोकं बधिर झाली. पेजेचा चमचा धरताना तू बघून धरायचास. एवढं सगळं झाल्यावर एका दुपारी तू मला विचारलंस, "सोमवारी हॉटेल बंदच असतं ना?"

"सोमवारी मासे कोण खातो? बंदच असणार. म्हणून काय बाजा वाजवायचा?"

"होय. तोच विचार आहे."

मला आधी थट्टाच वाटली. तुला व्हायोलिनवर त्या रोमँटिक लोकांचीच तीन गाणी वाजवायची होती, पियानोला फिलोमिना मिस. तुझ्या मास्टरांची पुतणी, गिरगावात आयुष्यभर पियानो शिकवणारी. मी म्हटलं, दादरला एखादा हॉल बघू, तन्वी बघेल. तन्वी तुझी मुलगी, समोरच्या टॉवरमध्ये काम करते, असल्या गोष्टी मोबाइलवर दोन मिनिटांत जमवते. तू म्हणालास, "हॉलमध्ये तू येणार नाहीस. तू जिथे बसतोस तिथेच करायला पाहिजे." मी उठलो. आत जाऊन नारळ फोडत बसलो, त्या दिवशी गरज नसताना सहा फोडले.

तयारीत तू मला अक्षरशः पिदडलंस. थंड पेयांचा फ्रिज घुं घुं करतो, तो बंद. धूर ओढणारा पंखा बंद. छताचा एकेक पंखा लावून खाली कान देऊन उभा राहिलास आणि सात नंबरवरचा टकटक करतो म्हणून त्याचं बटण चिकटपट्टीने बांधून टाकलंस. टेबलं भिंतीला लावली. गल्ला हलवायचा म्हटलं तर तू म्हणालास, "तो तिथेच राहू दे. तूही तिथेच बस. माझ्यासमोर." वर पाटी पुसून स्वतः खडू घेतलास. मला वाटलं, आजारी माणसाची हौस. करू दे.

संध्याकाळी सातला तीसेक माणसं जमली. गिरगाव-दादरचे मिसचे विद्यार्थी कपड्यांना इस्त्री करून आलेले, तन्वीची ऑफिसची मंडळी, चाळीतले आणि आमचं अख्खं भजनी मंडळ. मंडळाला मी 'रोमँटिक गाण्यांचा कार्यक्रम' एवढंच सांगितलं होतं. त्यामुळे ते जुनी हिंदी गाणी ऐकायच्या तयारीने आले होते. बुवांनी तर अत्तर लावलं होतं. सुलभाने आत काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्यांचं पीठ तयार ठेवलं होतं. सोमवार असल्याने सगळ्यांना चालणारं. मिसनी त्यांचा इलेक्ट्रिक पियानो दोन टेबलांवर बसवला. तू गजाला राळ लावलीस आणि त्या राळेचा वास आमच्या फोडणीच्या वासात मिसळला. भिंतींत मुरलेल्या तळलेल्या मासळीच्या वासावर मात्र कशाचाच इलाज नव्हता.

वॉल्ट्झ सुरू झाला तेव्हा बुवा माझ्याकडे वळून म्हणाले, "दादराच की रे." तीन-तीनाचा हिशोब, माझी मान आपोआप डोलायला लागली. मला वाटलं, हे काय अवघड नाही. पाळण्याच्या वेळी मंडळातला एकजण मध्येच मोठ्याने 'वा' म्हणाला आणि मिसचे विद्यार्थी असे वळून बघायला लागले, जसं काही भांडं पडलं. तू वाजवता वाजवता हसलास. पहिल्या मजल्यावरच्यांची तीन महिन्यांची मुलगी आईच्या मांडीवर खरंच झोपली. वखारीनंतर मी तुला पहिल्यांदाच इतक्या जवळून वाजवताना बघत होतो, दादा. हनुवटीखाली ते वाद्य धरल्यावर तुझा चेहरा अगदी आईसारखा दिसतो, हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं.

मग रात्रीचं गाणं. त्याआधी तू डाव्या हाताच्या बोटांवर फुंकर घातलीस आणि मूठ दोनदा उघडमीट केलीस. ते मी बघितलं, बुवांनीही बघितलं. गाणं संथ, सहा मात्रांचं. सुरुवातीला सरळ चाललं होतं. मग तू एका सुरावर थांबलास. थोडा जास्तच. मी मनात म्हटलं, असेल. पुढे तू दोन मात्रा घाईने गेलास, परत लांबवलंस. मला तुझी ती बोटं दिसत होती, चमचा बघून धरणारी. मला वाटलं, दादाला जागा सापडत नाहीये, बोटं ऐकत नाहीयेत, आणि तीस माणसांसमोर माझा भाऊ सुटतोय. तेवढ्यात बुवांनी माझ्याकडे बघितलं.

आमच्या मंडळात त्या नजरेचा एकच अर्थ असतो. बुवा गाता गाता तालातून सुटला, तर पखवाजवाल्याने त्याला धरायचं. ठेका जरा ठसठशीत करायचा, सम स्पष्ट दाखवायची, म्हणजे तो आपोआप जागेवर येतो. आणि आपण धरलं हे समोर बसलेल्या कोणाला कळू द्यायचं नाही. हे आम्हाला बोल शिकवायच्या आधी शिकवतात. माझा हात गल्ल्याच्या लाकडावर गेला. आधी बोटांनी, मग तळव्याने. दादरा. मिस दचकल्या. विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी 'श्श' केलं. मी थांबलो नाही. तू व्हायोलिनवरून डोळे उचलून माझ्याकडे एकदा बघितलंस आणि पुढच्या आवर्तनाला तू माझ्या तालात होतास. मिसही आल्या. तिथून शेवटपर्यंत आपण तिघं एका दोरीत गेलो. शेवटच्या समेला तुझा गज उचलला आणि माझा तळवा लाकडावर पडला, दोन्ही एका क्षणी. अख्खं हॉटेल टाळ्या वाजवत होतं. बुवा माझ्या कानात म्हणाले, "बाळूने धरला भावाला." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी फडक्याने गल्ला पुसायचं निमित्त करून लपवलं.

जेवताना तू आंबोळीचा तुकडा मोडत मला म्हणालास, "बरां वाजवलंस." एवढंच. मला ते सर्टिफिकेट पुरलं. पुढचे पंधरा दिवस मी गल्ल्यावर बसून येईल त्याला सांगत होतो, दादा त्या दिवशी गटांगळ्या खात होता, मी नसतो तर काही खरं नव्हतं. तू चार नंबरवर पेज पीत बसलेला असायचास. लोक तुझ्याकडे वळून बघायचे. तू म्हणायचास, "खरं आहे."

शेवटी तन्वीला सहन झालं नाही. एका दुपारी जेवायला आली होती, तू वर झोपला होतास. माझी तीच टेप सुरू झाल्यावर तिने ताट बाजूला सारलं.

"काका, बस कर आता. बाबा चुकत नव्हते. ते पीस तसंच असतं. टेम्पो खेचायचा, सोडायचा, परत खेचायचा. तू मध्ये ठोकत बसलास म्हणून त्यांना सरळ वाजवावं लागलं."

मी म्हटलं, काहीतरीच काय. तिने मोबाइलवर कुठल्यातरी परक्या बाईने वाजवलेलं तेच गाणं लावलं. त्याच जागी ती बाई थांबली. त्याच जागी पुढे धावली. मी हात पुसत उभा होतो, तसाच उभा राहिलो. तन्वीला लगेच वाईट वाटलं. "जाऊ दे रे, लोकांना तर आवडलं ना," ती म्हणाली आणि ताट परत ओढून घेतलं. पण मला आठवत होती ती तुझी नजर. पन्नास वर्षांत मी एकदा तुझं वाजवणं ऐकायला बसलो, तेही माझ्याच हॉटेलात, माझ्याच गल्ल्यावर, आणि तुझं शेवटचं गाणं मी तुला तुझ्यासारखं वाजवू दिलं नाही.

त्यानंतर तुला हॉस्पिटलात ठेवलं. मी रोज पेजेचा डबा घेऊन यायचो ते हेच विचारायला. 'दादा, मी बिघडवलं का?' चार शब्द. एकदा ते ओठांवर आले आणि तू म्हणालास, पेजेत मीठ कमी आहे. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. तू म्हणालास, डॉक्टर पेज कुठे पितो. झालं, अर्धा तास त्यातच गेला. दुसऱ्यांदा तू झोपेत होतास. तिसऱ्यांदा मी 'दादा, त्या सोमवारी' इथपर्यंत आलो होतो. तू डोळे न उघडता विचारलंस, "पाटी पुसलीस?"

"नाही."

"मग राहू दे जरा."

भेटीची वेळ संपली म्हणून नर्स आल्या आणि मी उठलो. दोन दिवसांनी सकाळी तन्वीचा फोन आला.

आज दुपारी फिलोमिना मिस आल्या. गिरगावहून टॅक्सीने, एकट्या, या उन्हात. मी त्यांना सोलकढी दिली. त्यांनी ती शांतपणे संपवली, ओठ पुसले आणि पर्समधून मोबाइल काढला.

"बाळू, मला त्याने सांगितलं होतं तुला बोलायचं नाही म्हणून. मी प्रॉमिस केलं होतं. पण तेराव्याला मी तुझं तोंड बघितलं. मला झोप नाही लागत रे."

त्या सोमवारच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्या घरी तुम्ही तालीम केली होती. चुका ऐकायला त्या नेहमी तालीम मोबाइलवर भरून ठेवतात. त्यांनी मोबाइल टेबलावर, तुझ्या जागेवर ठेवला. रात्रीचं गाणं सुरू झालं. मग तोच सूर आला, तू लांबवलेला, आणि व्हायोलिन थांबलं. तू खोकलास. नंतर तुझा आवाज आला, अगदी इथे शेजारी बसून बोलतोयस असा.

"मिस, इथे जरा लक्ष ठेवा. हे जे मी लांबवतो ना, इथे आमच्या बाळ्याला राहवणार नाही. तो ठेका धरणार."

रेकॉर्डिंगमधल्या मिस हसल्या. "मग? आधीच सांग ना त्याला."

"नाय नाय. धरू दे. तो धरेल तसं आपण त्याच्याबरोबर जायचं. मी एकदा गेलो नव्हतो." मग तू परत खोकलास. "आणि नंतर त्याला काही सांगू नका. त्याला वाटू दे, त्याने मला सांभाळलं. चला, परत वरून."

मी रडलो, दादा. तुझ्या जाण्याच्या दिवशी रडलो नव्हतो, माणसं, फोन, सामान, यातच दिवस गेला होता. आज दुपारी दोन वाजता रिकाम्या हॉटेलात, फिलोमिना मिससमोर, मोठ्याने रडलो. त्या उठल्या, गल्ल्यावरचं फडकं आणून माझ्या हातात दिलं आणि सात नंबरवरच्या पंख्याकडे बघत बसल्या. वखारीतली ती कणीक मी फेकली होती. चूक झाली असेल तर ती माझी होती. आणि तू पन्नास वर्षं ती आपली समजून जवळ ठेवलीस.

मग त्यांनी विचारलं, "पुढे पूर्ण आहे. तुझ्याशिवाय. ऐकणार?"

ऐकलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो, शाळेत मास्तर बसवायचे तसा. तू त्या सुरावर थांबलास. मी मनात मोजायला लागलो, एक, दोन, तीन, आणि मोजणं कुठेतरी सुटलं. सूर तसाच होता. मग तू त्यातून निघालास, सावकाश, आणि सम आली. आधी सांगून आली नाही, पण आली तेव्हा ती तिथेच यायला हवी होती असं वाटलं. तुझं म्हणणं मला पटलं की नाही ते विचारू नकोस. अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यावर मी वर येईन तेव्हा भांडू.

मिस गेल्या. जाताना त्यांनी ते माझ्या मोबाइलवर पाठवून दिलं. तन्वीला फोन करून मी सांगितलं की सोमवारी संध्याकाळी मिसना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना आपल्याकडे वाजवायचं असेल तर गाळा रिकामाच असतो. ती म्हणाली, "काका, आणि तू?" मी म्हटलं, मी आंबोळ्या घालीन. पाटी पुसणार नाही. मासे लिहायला दुसरी पाटी आणलीय, उद्यापासून ती लावतो. त्या ऑफिसातल्या मुलाची सोय झाली.

तुला थँक्यू म्हणायची आपल्यात पद्धत नाही, म्हणजे भावाभावांत. म्हणून आमच्या मंडळाच्या भाषेत सांगतो. बुवा सुटला की धरायचं आणि धरलं हे कोणाला कळू द्यायचं नाही. त्या सोमवारी सुटलो होतो मी, धरलंस तू. आणि कोणाला कळू दिलं नाहीस, मलासुद्धा.